कोळपलेल्या रानातली भेग

नंदीशने ज्वारीचं एक पातं तोडलं, भेगेवर आडवं ठेवलं आणि त्याच्या दोन्ही टोकांवर एकेक ढेकूळ दाबून ठेवलं. मग तो तिथेच उकिडवा बसून राहिला, पात्याकडे बघत. खड्ड्यातून घणाचे ठोके येत होते. ठोका पडला की तळपायांना कळायचा आणि पातं थरथरल्यासारखं वाटायचं. वाऱ्यानेही थरथरत असेल.

"काय करालास तितं?" मातीच्या ढिगावर बसलेल्या गोजाबाईने विचारलं.

"काही नाही आजी. भेग बघतोय."

"भेगा बघायला सोलापुरास्नं आलास व्हय? मंगळवेढ्याच्या रानात भेगांना काय तोटा? बस मोजत."

गावच्या पाण्याच्या टाकीसाठी गोजाबाईने आपल्या रानाचा हा कोपरा दिला होता. टाकी उभी करायची तर खालची माती किती भार पेलते ते आधी बघावं लागतं. ते काम सोलापुरात होटगी रोडवरच्या एका माती तपासणीच्या लॅबकडे आलं होतं आणि नंदीश तिथे इंजिनिअर होता. बोअर घ्यायचं यंत्र रानातल्या वाटेने येईना, म्हणून खड्डा. काल गावच्या गड्यांनी खणून दिलेला, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर वरच्याचं डोकं तेवढं दिसेल इतका खोल. खाली लॅबचा जुना माणूस शहाजी एक लोखंडी नळकांडं घणाने मातीत ठोकत होता. ते भरलं की भोवतालची माती कोरायची आणि नळकांडं अलगद उचलायचं, म्हणजे आतली माती जमिनीत होती तशीच्या तशी लॅबमध्ये नेता येते. शहाजीला आज घाई होती. संध्याकाळी पोरीला गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसवायचं त्याने कबूल केलं होतं.

खणलेली माती कुठे टाकायची यावरून काल गोजाबाईने गड्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. ज्वारी हुरड्याला आलेली, दाण्यात दूध भरलेलं. तिच्यावर माती पडता कामा नये. बांधापलीकडे तर मुळीच नाही. आपल्या रानाची माती दुसऱ्याच्या हद्दीत गेली की लक्ष्मी गेली, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. मग उरला खड्डा आणि ज्वारी यांच्यामधला अरुंद पट्टा. सगळा ढीग तिथेच, खड्ड्याच्या अगदी ओठावर रचला गेला. आज म्हातारी त्याच ढिगावर जाऊन बसली होती आणि ढेकळं हाताने फोडत होती. मातीवर तिचा जीव होता आणि गड्यांवर विश्वास नव्हता.

नंदीशने सकाळी आल्याआल्या ढीग बघितला होता. हा मागे घ्यायला हवा, असं तो म्हणालाही होता, पण मनातल्या मनात. म्हातारीशी कोण भांडणार?

इथे एक सांगायला हवं. नंदीश मुळातच भित्रा. पालीला भ्यायचा, कुत्र्याला भ्यायचा, अक्कलकोटला आजोळी गेला की विहिरीकडे पाठ करून बसायचा. लग्नाला गेला तरी मांडवाचे खांब आधी बघून मग कडेची खुर्ची धरायचा. आजवर एकही मांडव पडला नव्हता, एकही कुत्रं चावलं नव्हतं. लोक हसायचे, मग तोही हसायचा. खड्ड्यात उतरायचं काम तो शहाजीवर सोपवायचा, कंबर दुखते असं सांगून. शहाजीला खरं काय ते ठाऊक होतं, पण त्याने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. अशा माणसाच्या पोटात गोळा उठला तर त्याने तो खरा मानावा की रोजचाच, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

म्हणून त्याने आधी स्वतःलाच दटावलं. काळ्या रानात भेगा असायच्याच. पौषात वरची माती सुकते, आक्रसते आणि उलते. पण त्या भेगा वाकड्यातिकड्या जातात, एकमेकींना मिळतात, रानभर जाळं करतात. ही एकटीच होती. ढिगाच्या पलीकडच्या पायथ्याशी, ज्वारीच्या पहिल्या ओळींतून, खड्ड्याच्या काठाबरोबर सरळ चालली होती.

आणि आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात यायला उशीर झाला.

"आजी, इथे कोळपणी कधी केली?"

"परवा झाली की. ओल उडू ने म्हणून भेगा बुजवून घेतल्या समद्या."

"सगळ्या?"

"समद्या म्हंजी समद्या. एकबी ठिवली न्हाई."

नंदीशने भोवती नजर फिरवली. आजूबाजूच्या ओळींमधली माती कोळप्याने भुसभुशीत झालेली, सपाट, कुठेही चीर नसलेली. त्यात ही एक. परवा नव्हती.

भ्यालेली माणसं देवाचं नाव घेतात, नंदीश हिशोब करतो. भेगेपासून खड्ड्यापर्यंत दीड मीटर, खोली तीन मीटर, खड्ड्याची लांबी दोन. नऊ घनमीटर. ही माती ओली असताना एका घनमीटरला एक टन आठशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे सोळा टन, आणि वरचा ढीग वेगळा. त्याने उसाच्या भरलेल्या बैलगाड्या मनात एकामागे एक उभ्या केल्या आणि मग मोजायचं सोडून दिलं. त्या सगळ्याच्या पायथ्याशी शहाजी गुडघे टेकून बसला होता.

उलटा हिशोबही त्याला येत होता, नाही असं नाही. इतक्या घट्ट चिकणमातीची उभी भिंत पुस्तकाप्रमाणे याच्या तिप्पट खोल गेली तरी ढासळत नाही. परीक्षेत त्याने हे गणित पैकीच्या पैकी मार्क मिळवून सोडवलं होतं. फक्त पुस्तकातल्या मातीला भेग नसते आणि तिच्यावर कोणाची आजी बसलेली नसते.

"आजी, तिथून उठता का जरा?"

"का? माजी माती हाय."

"बांधावर बाभळीखाली बसा की. सावली आहे."

"सावली काय करायची? थंडीचं दिस हायती. ऊन बरं लागतंय पाटीला."

ओरडावं असं त्याला फार वाटलं. पण ओरडलं तर म्हातारी भांडायला म्हणून आणखी रोवून बसेल. खरं सांगितलं तर घाबरून उठेल आणि पाय आपटत उतरेल, कदाचित खड्ड्याच्याच बाजूने. 

"आजी, प्यायला पाणी मिळेल का? घसा पार सुकलाय."

यात खोटं काही नव्हतं. आणि रानात मागितलेलं पाणी गोजाबाईने कोणालाच नाकारलं नव्हतं. काल शिव्या देतादेता गड्यांनाही तिने घागरीतलं पाणी स्वतः ओतून दिलं होतं. तिने गुडघ्यांवर हात ठेवले.

"आधी सांगायचं न्हाई व्हय? तोंड किती उतरलंय बग तुजं."

"इकडून उतरा. माझ्या बाजूने. हळू."

ती उतरली. तिच्या अनवाणी पायाची टाच भेगेवर पडली आणि पुढे गेली. तिच्या मागे ढिगावरून मूठभर माती घसरली, पलीकडच्या बाजूला. खड्ड्यातून शहाजीचा आवाज आला.

"कोण माती पाडालंय रं वर?"

नंदीश लांबून वळसा घालून खड्ड्याच्या बांधाकडच्या काठावर गेला आणि पोटावर आडवा झाला. शर्टाची काळजी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटली नाही. खाली शहाजीची टोपी दिसत होती. समोरची, ढिगाखालची भिंत उभीच्या उभी, काळीभोर. तिच्यात कमरेच्या उंचीवर एक तिरपा पट्टा चकाकत होता, तेलाचा हात फिरवल्यासारखा; मातीवर माती घसरली की अशी चकाकी येते. आणि शिडी त्याच भिंतीला लावलेली होती. ढिगाच्या मऊ मातीत तिची टोकं घट्ट रुततात म्हणून शहाजीने ती मुद्दाम तिथे लावली होती.

"शहाजी, वर या."

"झालंच की सायेब. भरलं नळकांडं. आता कोरून काढतो."

"राहू द्या ते. आधी वर या."

शहाजीने मान वर केली. तो हसत होता. "मागल्या टायमाला काय बोल्लात? सँपलला धक्का लागला तर खड्डा पुन्यांदा खणायला लावीन."

बोलला होता. मोहोळजवळच्या एका कामावर, चार माणसांसमोर. तेव्हा त्याला त्या बोलण्याचा अभिमानही वाटला होता.

"मी सांगतोय ना, वर या."

"काय झालं? साप हाय का?"

"नाही."

"मग?"

 भिंत पडेल असं म्हटलं तर शहाजी हसेल, नेहमीसारखा. आणि समजा त्याने ते खरं मानलं, तर धावत जाऊन त्याच शिडीवर चढेल.

"शिडी इकडे घ्या. माझ्या बाजूला लावा."

"हिकडं काय वाईट हाय?"

"घ्या म्हणतो ना शहाजी."

शहाजीने काहीतरी पुटपुटत शिडी ओढली. ती निघेना. त्याने दोन्ही हातांनी हिसका दिला, टोकं ढिगातून सुटली आणि सूपभर माती त्याच्या मानेवर आली. नंदीशने डोळे मिटले. काहीच आवाज झाला नाही. डोळे उघडले तेव्हा शहाजी कॉलर झटकत होता आणि भिंत जागच्या जागी होती. शिडी या बाजूला आली. नंदीशने तिची टोकं दोन्ही हातांनी आवळून धरली.

पण शहाजी चढला नाही. तो पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि नळकांड्याभोवतीची माती खुरप्याने कोरू लागला. घाई त्यालाही होती, पण हातातलं काम अर्धवट टाकायची सवय त्याला नव्हती, आणि ती सवय लागू नये याची काळजी नंदीशनेच वर्षानुवर्षं घेतली होती. खुरपं मातीत शिरायचं, ढपला निघायचा, बाजूला पडायचा. नंदीश मोजू लागला. घरात आईशी बोलायची ती कानडी त्याच्या तोंडात आली. वंदु, एरडु, मूरु. पुढचे आकडे आठवेनात तेव्हा त्याने परत पहिल्यापासून सुरुवात केली. भिंतीतला तो चकचकीत पट्टा मघाशी होता तेवढाच आहे की जरा लांबलाय, हे त्याला ठरवता येत नव्हतं. 

शेवटी शहाजीने नळकांडं उचललं, पोत्यात गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि एक हात शिडीला लावून चढू लागला. त्याचं डोकं काठाच्या वर आलं तशी नंदीशने त्याच्या दंडाला धरून ओढायला सुरुवात केली.

"अवं सोडा, सोडा. सँपल पडंल की."

नंदीशने सोडलं नाही. बाभळीपर्यंत त्याने शहाजीला दंडाला धरूनच नेलं.

गोजाबाई तांब्या घेऊन उभी होती. शहाजी वरून धार धरून घटाघटा पाणी प्यायला. नंदीशने तांब्या हातात घेतला आणि पाणी तोंडाऐवजी छातीवर सांडलं. परत प्रयत्न केला, परत सांडलं. त्याने तांब्या खाली ठेवला आणि भेगेकडे जाऊन आला. पात्याचं एक टोक ढेकळाखालून निसटलं होतं, भेग रुंदावली तर निसटेल तसं.

"वाऱ्यानं निसटलं आसंल," शहाजी म्हणाला.

खिशातला फोन वाजला. लॅबचे मालक अमरेश सर होते. "झाला का नमुना?"

"एक झाला सर. पण खड्डा मला बरोबर वाटत नाही. काठावर भेग आहे."

"काळ्या मातीत भेग नसेल तर कुठे असेल? खोली किती, तीन मीटर ना? अरे, तूच हिशोब कर. दोन नमुने लागतात, एकावर रिपोर्ट देता येत नाही."

अमरेश सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं कागदावर अगदी बरोबर होतं आणि नंदीशला ते खोडता येत नव्हतं. तो बरं म्हणाला. शहाजीने ऐकलंच होतं. त्याने तोंड पुसलं, दुसरं रिकामं नळकांडं घेतलं आणि खड्ड्याकडे निघाला.

"शहाजी, थांबा."

"आता काय? सायेब, मला पाचाच्या आत सोलापूर गाठायचंय. पोरगी वाट बगत बसंल."

"उतरू नका."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणत्यात ते खोटं न्हाई बगा." शहाजी हसला, पण थांबला.

"मला भीती वाटतेय," नंदीश म्हणाला.

हे वाक्य त्याने नोकरीत कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर त्याला वाटलं होतं तसं हसं झालं नाही. शहाजीने नळकांडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि दुसरीकडे बघितलं.

"कशाची?" गोजाबाईने विचारलं.

त्याने सांगितलं. ढिगाचं ओझं काठावर आहे. काठ मागून फाटलाय. परवा बुजवलेल्या रानात ही भेग आज पडलीय. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित आता होईल. मला सांगता येत नाही.

"मग ढीग हलवा की."

"कुठे? दुसरीकडे जागाच नाही. ज्वारीवर टाकावा लागेल, पार आतल्या ओळींत."

 गोजाबाईने जमिनीवरच्या तांब्याकडे बघितलं, नंदीशच्या ओल्या शर्टाकडे बघितलं. मग पदर कमरेला खोचला आणि भेगेला लांबून वळसा घालून ज्वारीत शिरली. तिचा हात ज्वारीच्या एकेका ताटाच्या दांड्यावरून वर सरकायचा, कणीस वाकवायचा आणि कट्ट आवाज व्हायचा. अजून पिवळी न पडलेली, दुधातली कणसं ती ओच्यात टाकत चालली. ओचा भरला की बांधावर रिकामा करायची आणि परत जायची. मधे एकदा शहाजी मदतीला पुढे झाला, पण तिने हातानेच त्याला मागे सारलं. एवढा तुकडा कणसांवाचून भुंडा झाला तेव्हा ती बाहेर आली. तिचे हात चिकट झाले होते.

"टाका आता," ती म्हणाली, "कुटं टाकायची ती."

ढीग हलवायला सगळी दुपार गेली. नंदीशने शहाजीच्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक जीपला. भेगेच्या खड्ड्याकडच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, लांबूनच फावड्याने ओढायचं. शहाजी आधी वैतागला, मग माती ओढू लागला. नंदीशही फावडं मारत होता. त्याच्या हातांना फोड आले, पण ढीग भेगेपासून दूर ज्वारीत जाईपर्यंत त्याने फावडं खाली ठेवलं नाही. ज्वारीची ताटं मातीखाली कडाकड मोडत गेली. गोजाबाई पाठमोरी बसून कणसं निवडत होती.

आणि झालं काहीच नाही. भिंत हलली नाही, भेग रुंद झाली नाही, एक ढेकूळसुद्धा आत पडलं नाही. उन्हं कलली तेव्हा खड्डा सकाळइतकाच सरळ आणि शांत होता. दुसरा नमुना उद्या घेऊ, असं नंदीश म्हणाला. त्यांनी शिडी काढून घेतली आणि खड्ड्याभोवती बाभळीच्या काट्या रचल्या. परतीच्या वाटेवर नळकांडं नंदीशच्या मांडीवर होतं. शहाजी जीप चालवत होता. सोलापुरात शिरले तेव्हा जत्रेतल्या पाळण्यांवरचे दिवे लांबून दिसत होते. लॅबमध्ये नमुन्याचं वजन करायचं होतं, मातीचे तुकडे डबीत भरून भट्टीत ठेवायचे होते. शहाजी घरी पोचला तेव्हा पोरगी रुसून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी डब्या भट्टीतून निघाल्या. नंदीशने त्यांची वजनं घेतली आणि आकडे मांडले. ओलावा सव्वीस टक्के. म्हणजे जमिनीतल्या लिटरभर मातीत सुकी माती एक हजार चारशे साठ ग्रॅम आणि पाणी तीनशे ऐंशी. कणांच्या मधल्या पोकळीतला ब्याऐंशी टक्के भाग पाण्याने भरलेला, बाकी हवा. त्याने दोनदा करून बघितलं. कुठेही चूक नव्हती आणि कुठेही भिण्यासारखं काही नव्हतं.

अमरेश सरांनी आकडे बघितले आणि ते हसले. "घट्ट आहे की रे. अशी माती तीन मीटरला पडते होय? म्हातारीची ज्वारी उगाच मोडलीस." रागावले असते तर बरं झालं असतं. नंदीशला मांडव आठवले, कुत्री आठवली. भुंड्या ताटांवर पडणारी माती आठवली. त्याचे कान तापले.

शहाजीने नळकांडं दाबयंत्रात बसवलं आणि दांडा हलवू लागला. आतली माती हळूहळू वर सरकू लागली, गोल, गुळगुळीत, कडक. तिला दाबून तिची ताकद मोजायची होती. अर्ध्याच्या वर बाहेर आली तेव्हा तिचा वरचा तुकडा तिरपा सरकला आणि ताटात येऊन पडला. कोणी हात लावला नव्हता. दोन्ही तुकडे सुरीने कापल्यासारखे वेगळे झाले होते आणि आतून चकाकत होते.

"गाडीत आदळला असणार," अमरेश सर म्हणाले.

"मांडीवर होता, सर. माझ्या."

"मग काढताना धक्का लागला असेल. हा गेला. आता दोन्ही नमुने नवे आणा, आजच."

शहाजीने त्या चकचकीत अंगावरून अंगठा फिरवला. अंगठा अडला नाही. त्याने नंदीशकडे एकदा बघितलं, रिकामी नळकांडी उचलली आणि बाहेर जाऊन जीपच्या टपावर शिडी बांधू लागला. नंदीश त्याच्या मागून गेला. आज त्याच्याकडे आकडे होते, तरी कालची भीती जात नव्हती. शिडीचं एक टोक धरून, फोन स्पीकरवर ठेवून त्याने गोजाबाईला फोन लावला.

"आजी, नंदीश बोलतोय. लॅबमधून. आम्ही येतोय दुपारी."

"आता कशाला?"

"नमुने घ्यायचे आहेत. खड्ड्यातले."

"खड्ड्यातलं?" गोजाबाई म्हणाली. "खड्डा तर बुजवून गेलासा की तुमी."

नंदीशने शिडी धरलेला हात खाली घेतला.

"सकाळच्या पारी आले तर समदा भरलेला. म्या म्हनलं, रातच्याला परत येऊन गेली वाटतं मानसं. आन बुजवायचा तर नीट तरी बुजवायचा का न्हाई? बांधाकडचा कोपरा आर्धा उगडाच ठिवलाय. तिकडच्या काट्याबी आत गाडल्यात. माती कमी पडली तर माज्या ज्वारीच्या उभ्या दोन वळी कशाला खणल्या रं? मागितली आसती तर दिली नसती का?"

टपावर दोर आवळणारे शहाजीचे हात थांबले होते.

"आजी..."

"ऱ्हाऊ दे. बोलती म्हणून रागावू नगंस. बुजवला ते बरंच केलंस. लेकरं येत्यात हुरड्याला. उगडा खड्डा म्हणून मला रातभर डोळा लागला न्हाई बग."

"तुम्ही आता कुठे आहात?"

"बांधावर. का?"

"तिथेच थांबा. त्या मातीवर कोणी पाय देऊ नका. तुम्हीही नाही, लेकरंही नाहीत." तो लॅबच्या पायरीवर बसला. "ती माती अजून बसायची आहे."

"बरं बरं," गोजाबाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

शहाजीने बांधलेली गाठ सोडली. सोडायला त्याला बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शिडी उतरवून त्याने भिंतीला लावली आणि नंदीशच्या शेजारी, लॅबच्या पायरीवर येऊन बसला. आपल्या मानेवरून, कॉलरच्या आतून, तो हात फिरवत होता.

आतून अमरेश सरांनी हाक मारली, "निघालात का रे?"

"खड्डा राहिला नाही, सर. रात्री भिंत आत आली," नंदीश बसल्या जागेवरून म्हणाला.